वास्तूची बातमी पायी चालून लिहा

संपादक महोदय,

नवी सार्वजनिक वास्तू उभी राहिली की बातमीत तिची उंची येते, खर्च येतो, उद्घाटन कोणाच्या हस्ते झालं ते येतं. ती वास्तू काय सांगते, हे मात्र क्वचितच येतं. नाटकाचं परीक्षण छापताना आपण खुर्च्या मोजून थांबत नाही. मग इमारतीच्या वाट्याला एवढंच का?

वास्तूतला अर्थ म्हटलं की कोरीव खांब, शिल्पपट, कळस डोळ्यांसमोर येतात. पण मला वाटतं, वास्तू सर्वांत जास्त बोलते ती आपल्याला चालवून. जुन्या दगडी मंदिरात सभामंडपाकडून गर्भगृहाकडे जाताना उजेड कमी होत जातो, दार बुटकं होतं, मान आपसूक झुकते. तिथे पाटी लागत नाही.

वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक १९८२ मध्ये खुलं झालं. माया लिन यांनी त्याची स्पर्धा जिंकली तेव्हा त्या २१ वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या आराखड्यात पुतळा नव्हता. काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, टोकाला जेमतेम वीतभर, आणि जिथे मिळतात तिथे दहा फुटांहून उंच. वाट उतरत जाते तशी भिंत डोक्यावर चढते. तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावं आहेत, हुद्द्याविना, मृत्यूच्या तारखेनुसार. वर्णानुक्रम लावला असता तर ती नुसती यादी झाली असती. इथे एकाच दिवशी पडलेले सोबती शेजारी राहिले. नावं मधल्या कोपऱ्यापासून सुरू होतात, एका भिंतीच्या टोकाला जातात, दुसऱ्या टोकापासून परत येऊन त्याच कोपऱ्यात संपतात. पहिला मृत आणि शेवटचा मृत तिथे भेटतात. आणि घासून चकचकीत केलेल्या दगडात, नावांच्या मागे, वाचणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो! याला विरोधही कडवा झाला, पुढे जवळच सैनिकांचे पुतळे बसवावे लागले. तरी लोक बोट फिरवतात ते भिंतीवरच्या नावांवर.

बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात डॅनियल लिबेस्किंड यांनी निर्वासितांसाठी बाग केली आहे. काँक्रीटचे ४९ उंच खांब, आणि खालची जमीन तिरपी. झाडं आहेत, पण खांबांच्या माथ्यावर, हाताला न लागणारी. चालताना तोल सुटतो. परक्या मुलखात पाय रोवता न येणं म्हणजे काय, ते पायांनाच कळतं.

आता कमळाच्या, जहाजाच्या, पुस्तकाच्या आकाराच्या इमारती होत आहेत आणि प्रतीक समजावणारा फलकही सोबत असतो. मला याची खरोखर काळजी वाटते. जो आकार फक्त वरून दिसतो, तो आत शिरणाऱ्याला काय सांगणार? प्रतीकाला माझा विरोध नाही. चार्ल्स कोरिया यांनी जयपूरच्या जवाहर कला केंद्रात आराखड्यातल्या नऊ चौकोनांपैकी एक बाजूला सरकवला, कारण जुन्या शहराच्या रचनेतही एक चौकोन सरकलेला आहे. पण त्यातून प्रवेशाची वाटही निघाली, हे महत्त्वाचं.

म्हणून विनंती एवढीच. यापुढे वास्तूची बातमी देताना बाहेरच्या देखण्या छायाचित्राबरोबर तळमजल्याचा नकाशा आणि एक उभा छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यासारखं आतलं चित्र, छापावा. वास्तुरचनाकाराचं नाव द्यावं. आणि बातमीदाराने उद्घाटनानंतर काही महिन्यांनी, गर्दी ओसरल्यावर, दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत एकदा सावकाश चालून मग लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक