सिंहस्थाआधी जुन्या निगेटिव्ह वाचवा

महोदय,

छायाचित्रकार सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्यांची ओळख एका गाजलेल्या फोटोमुळे झालेली नाही. मुंबईच्या सफाई कामगारांचा विषय त्यांनी वर्षानुवर्षे धरून ठेवला, त्यातून ती झाली. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० च्या सुमारास काम थांबवले, तरी ते आज पाहता येते, कारण त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सांभाळला गेला. डॉक्युमेंटरी फोटोग्राफरची कारकीर्द अशी साठ्यावर उभी असते. नाशिकमध्ये हा साठा माळ्यावर कुजतो आहे.

१९९१ चा सिंहस्थ फिल्मवर टिपला गेला, २००३ चाही बराचसा. त्या निगेटिव्ह पीव्हीसीच्या पाकिटात असतील तर आधी बाहेर काढा. दमट हवेत पीव्हीसी फिल्मला चिकटते. पॉलीप्रॉपिलीनची किंवा आम्लरहित कागदाची पाकिटे वापरा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा (प्लॅस्टिकचा) पाया विघटित होऊ लागला आहे. त्यातून सुटणारे ॲसिड शेजारच्या रोललाही लागते, म्हणून तो रोल त्याच दिवशी वेगळा करून सर्वांत आधी स्कॅन करावा. पत्र्याखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा: उन्हाळ्यात उष्णता, पावसाळ्यात बुरशी. घरातले लोखंडी कपाट बरे. आत सिलिका जेल ठेवा, निळे खडे गुलाबी झाले की बदला. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहिली पाहिजे; ती मोजायला साधा हायग्रोमीटर पुरतो. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, तिच्यासोबत इमल्शनही, म्हणजे फोटो असलेला थरही, निघते.

३५ मिमीची फ्रेम ४००० डीपीआयला (इंचाला ४००० बिंदू) स्कॅन केली की सुमारे २१ मेगापिक्सेल मिळतात. १६ बिट रंगीत टीफ फाइल साधारण १२५ एमबीची होते, म्हणजे ३६ फ्रेमच्या रोलला साडेचार जीबी. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत घराबाहेर. २००३ नंतरच्या सीडी तर आजच कॉपी करा.

सर्वाधिक हेळसांड फोटोखालच्या ओळींची होते. ‘साधू, रामकुंड’ एवढ्याने काहीच कळत नाही. आखाडा, घाट, तारीख, वेळ आणि संमती असेल तर व्यक्तीचे नाव हवे, तेही आयपीटीसी माहिती (फोटोच्या फाइलमध्ये मजकूर साठवण्याची प्रमाणित पद्धत) म्हणून फाइलमध्येच भरलेले. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळते आणि आकारही घटतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणूनच द्यावी.

तरुण फोटोग्राफरांनी कायदाही वाचावा. स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. २०२७ च्या सिंहस्थात काम घेताना ‘हक्क छायाचित्रकाराकडे’ ही ओळ लेखी घ्या. नाही घेतली, तर पुढे आपलेच फोटो प्रदर्शनात किंवा पुस्तकात वापरायला दुसऱ्याची परवानगी लागेल.

आपल्या दैनिकाने प्रत्येक फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव छापावे. १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाने स्थानिक निगेटिव्हसाठी एक कोरडे कपाट आणि नोंदवही ठेवावी, ही विनंती. पाकिटे भरायला आणि ओळी लिहायला आम्ही येऊ.

— नाशिकमधील काही छायाचित्रकार