सूचना : शुक्रवारची उजळणी चर्चगेटला

प्रथम वर्षाच्या मित्रमैत्रिणींनो, व्यवस्थापनाच्या पहिल्या प्रकरणाची उजळणी या शुक्रवारी चर्चगेट स्टेशनबाहेर करूया. सकाळी ११ वाजता, वही घेऊन. फ्रेंच व्यवस्थापन-विचारवंत हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये मांडलेली व्यवस्थापनाची १४ तत्त्वं घोकून येऊ नका. कार्यविभागणी, सुव्यवस्था आणि संघभावना एवढी तीन समजून या. १८९० पासून चालत आलेल्या डबेवाल्यांच्या साखळीत ती तिन्ही समोरच दिसतील. डबा अनेक हातांतून जातो आणि झाकणावरच्या खुणांवरून योग्य ऑफिसात पोचतो, त्या खुणा नीट पाहा. ती त्यांची घाईची वेळ असते, कुणीही वाटेत उभं राहू नये. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पुस्तक जड जातंय, त्यांनी तर नक्की या.