खोलीची चावी कुणाकडे आहे?

माननीय आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

सरकारी रुग्णालयातलं बंद यंत्र सुरू करा, या माझ्या अर्जाला मागच्या आठवड्यात आपल्या कार्यालयाचं उत्तर मिळालं: 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.' 11 महिन्यांतलं हे तिसरं. मजकूर तोच, जावक क्रमांक तेवढा नवा. नोंद घेण्यात आपलं खातं तत्पर आहे, हे मान्य करायलाच हवं.

मला स्किझोफ्रेनिया आहे. गेली 12 वर्षं एक माणूस माझ्या कानात बोलतो. दाढी करायला घेतली की 'निघाले साहेब', जिना उतरू लागलो की 'आता पडणार'. हे पत्र लिहितानाही त्याचं चालूच आहे, अक्षराला नावं ठेवतोय. दोन औषधं झाली, मग क्लोझापिन. पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून रक्त तपासत राहायचं. वजन वाढलं, झोप वाढली, नोकरी गेली. तो गेला नाही. बहिणीच्या रजा माझ्या रक्ततपासणीतच संपतात.

म्हणून आपण सरकारी रुग्णालयात चुंबकीय उत्तेजनाच्या, म्हणजे डोक्याला कॉइल लावून बाहेरूनच मेंदूला चुंबकीय स्पंद देणाऱ्या यंत्राची फीत कापलीत, तेव्हा मी गर्दीत मागे उभा होतो. 'तीन महिन्यांत उपचार सुरू', शब्द आपलेच. आज खोलीला कुलूप आहे. यंत्र चालवायला माणूस नेमलेला नाही आणि चावी ज्यांच्याकडे होती त्यांची बदली झाली, असं शिपाई सांगतो.

वर आपले अधिकारी मला ऐकवतात, 'आवाजांसाठी हा उपचार सिद्ध झालेला नाही.' ठाऊक आहे हो! येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी डाव्या कानाच्या वर-मागे सेकंदाला एक अशा संथ गतीने स्पंद देऊन पाहिले, 2000 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. रुग्ण मोजून 12. पुढच्या चाचण्यांत कधी आवाज कमी झाले, कधी स्पंद न देणाऱ्या नकली कॉइलनेही तेवढाच फरक पडला. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2015च्या कॉक्रेन आढाव्यानेही पुरावा अपुराच ठरवला. अमेरिकेत 2008 साली मान्यता मिळाली ती नैराश्यासाठी. पण मग नैराश्याचे किती रुग्ण त्या खुर्चीत बसले? एकही नाही. पुराव्याची आठवण फीत कापल्यावरच बरी झाली!

भूल नाही, रुग्णालयात राहणं नाही. रोज 15-20 मिनिटं, दोन-तीन आठवडे. क्वचित फिट येते म्हणतात. लिहून द्यायला तयार आहे. उपयोग झाला नाही तर नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सुमारे 300 माणसांत एकाला हा आजार असतो. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याला तरी नेहमीची औषधं पुरत नसतील. जास्तही असतील, मी काही सांख्यिकी खात्यात नाही. हृदयाचं यंत्र असं धूळ खात पडलं असतं तर सभागृहात गदारोळ झाला असता. आमच्यासाठी कोण उठणार? तक्रार केली तर 'यांना भास होतात' म्हणून फाइल बंद करता येते. कुलूप हा भास नाही, साहेब. मी हात लावून पाहिलंय.

माणूस नेमा, कुणाला हा उपचार मिळेल ते लिहून बाहेर लावा. तेही जमत नसेल तर चावी सध्या कुणाकडे आहे, एवढं कळवा. नोंद नको.

आपला,
कुलपाबाहेरचा एक रुग्ण