मेणबत्तीची टोकं आणि चीजची साल

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. वाचनालयाच्या सभेत भर लोकांत तुला ‘चीज-पेअरिंग’, म्हणजे इंग्रजीत कंजूष, म्हटलं, हे वाचून जीव चरफडला. खजिनदाराने झेरॉक्सची पावती मागायची नाही, तर कुणी मागायची? हा शब्द आला कुठून, असं तू विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुरलेल्या चीजवर टणक साल धरते. सुरीने तासून काढलेली ती साल म्हणजे चीज-पेअरिंग. आधी त्याचा अर्थ फक्त टाकाऊ वस्तू. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफ हे विनोदी पात्र न्यायाधीश शॅलोच्या तरुणपणीच्या काटकुळेपणाची टर उडवतो: जेवणानंतर कुणी चीजच्या सालीचा माणूस करावा, तसा शॅलो दिसायचा म्हणे! कवडी-कवडी जपणाऱ्या माणसाला हा शब्द चिकटला तो नंतर.

त्याच्या जोडीला असायची मेणबत्तीची टोकं. बड्या घरांत जळून उरलेली टोकं नोकरांच्या हक्काची. ती विकून त्यांना चार पैसे सुटत. तीसुद्धा मोजून घेणारा मालक कद्रूच. त्याला नावं ठेवली ते योग्यच झालं.

पण सरकारी तिजोरीचं काय? २९ नोव्हेंबर १८७९ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या प्रचारभाषणात ब्रिटिश नेता ग्लॅडस्टनने हे दोन्ही शब्द स्वतःहून अंगावर घेतले. अर्थमंत्री म्हणून त्याने बरीच वर्षं काढली होती. प्रश्न दोन-तीन हजार पौंडांचाच आहे म्हणून जो अर्थमंत्री काणाडोळा करतो, तो भित्रा. देशासाठी मेणबत्तीची टोकं आणि चीजच्या साली वाचवायची ज्याची तयारी नाही, तो त्या पदाला लायक नाही, असं त्याने ठणकावलं. मला हे मनापासून पटतं. नोकराची टोकं हिसकावणं वेगळं आणि लोकांच्या वर्गणीची टोकं राखणं वेगळं. त्याच प्रचारात तो ब्रिटिशांच्या अफगाण युद्धावरही तुटून पडला होता. त्या युद्धाच्या खर्चाचा मोठा भार पडला हिंदुस्थानच्या तिजोरीवर, आणि तिथे आपल्या लोकांना विचारलं कुणी?

राजीनाम्याचं मनातून काढून टाक. वार्षिक सभेआधी सगळा जमाखर्च फलकावर लाव, अगदी झेरॉक्सच्या पैशांसकट. सभासदांना वाचू दे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश