सेविकांना शिकवलं कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पान तीनवर अंगणवाडी सेविकांबद्दल ‘सेविकांना मोबाईल झेपेना’ अशी बातमी आहे. ती वाचून आलेला राग आज सकाळी अंगणवाडी उघडेपर्यंत उतरला नाही, म्हणून हे पत्र. बातमीत टक्केवारी आहे, अधिकाऱ्यांचं मत आहे, मोठा फोटोही आहे. एकाही सेविकेचं एकही वाक्य नाही. आहार घेणाऱ्या बायकांची मोबाईलवरून चेहरा पडताळणी करायचं काम रखडलं आणि ते सेविकांचं ‘डिजिटल ज्ञान कमी’ असल्यामुळे रखडलं, एवढं तुमच्या वार्ताहरांनी ऐकलं आणि छापलं. ज्ञान कमी असेल तर ते द्यायचं काम कुणाचं होतं, हा पुढचा प्रश्न त्यांनी का विचारला नाही?

मी सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागात सेविका आहे. वीस वर्षांहून जास्त काळ हे काम करते. आमच्याकडे अकरा रजिस्टरं होती आणि ती सगळी आम्ही हातानं भरली. महिनाअखेरीला घरची जेवणं उरकल्यावर आहाराची जमा-शिल्लक जुळवत बसायचो. मग फोन आले, पहिलं ॲप आलं, आणि १ मार्च २०२१ ला त्याच्या जागी पोषण ट्रॅकर हे आहाराच्या आणि वजन-उंचीच्या नोंदींचं ॲप आलं. ते आलं तेव्हा इंग्रजीत होतं आणि आमच्या हातात २ जीबी रॅमचे फोन होते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन शासनाला परत केले, भाषेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. आम्हाला फोन नको होता म्हणून हे घडलं नाही. चालणारा फोन आणि वाचता येणारं ॲप हवं होतं, म्हणून घडलं. आज ॲप मराठीत आहे. ते भांडून मिळालंय, हे तरी बातमीत एका ओळीत यायला हवं होतं.

२०२४ चा जुलैही तुमच्या वार्ताहरांनी आठवून बघावा. लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा सगळं गाव अंगणवाडीच्या दारात होतं. नारीशक्ती दूत हे ॲप आम्ही त्याआधी कधी उघडलेलंही नव्हतं. हमीपत्राचा फोटो, पासबुकाचा फोटो, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळतंय का हे बघणं, रात्री बारानंतर सर्व्हर मोकळा असतो म्हणून उठून अर्ज पाठवणं, हे आम्ही आठवडाभरात शिकलो. तेव्हा कुणाला आमचं ज्ञान कमी वाटलं नाही. एका अर्जामागे ५० रुपये देऊ असं जाहीर झालं होतं, ते पदरात पडायला किती वाट बघावी लागली याची बातमी मात्र वाचल्याचं मला आठवत नाही. असो, तो विषय वेगळा.

आता आमच्या प्रशिक्षणाबद्दल. एका सभागृहात तालुक्यातल्या सगळ्या सेविकांना एकत्र बसवलं होतं. पडद्यावर ॲपची चित्रं दाखवली, ती चौथ्या रांगेच्या मागे कुणालाही वाचता येत नव्हती. शिकवणाऱ्यांनी स्वतःच्या फोनवर ॲप उघडून ‘इथे क्लिक, मग इथे क्लिक’ असं भराभर सांगितलं. हॉलमध्ये रेंज नव्हती, त्यामुळे आमच्यापैकी कुणाच्याच फोनवर ते उघडलं नाही. एका वयस्कर सेविकेनं ‘सर, ते परत एकदा दाखवता का?’ असं विचारलं. ‘शंका असतील त्या ग्रुपवर टाका,’ असं उत्तर मिळालं. मग चहा झाला, हजेरीवर सह्या झाल्या, बॅनरसमोर फोटो झाला. कागदोपत्री आम्ही सगळ्या प्रशिक्षित झालो. ग्रुपवर टाकलेली शंका दुसऱ्या दिवशीच्या पाच परिपत्रकांखाली गेली, ती कायमची.

पडद्यावरच्या त्या चित्रांत जे नव्हतं, ते प्रत्यक्षात कसं समोर येतं, हे एका उदाहरणावरून सांगते.

१ जुलै २०२५ पासून घरपोच आहार, म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायची आहाराची पाकिटं, देताना चेहरा पडताळणी सक्तीची झाली. आधी आधार क्रमांकानं ई-केवायसी, म्हणजे ओळखीची खात्री, मग चेहरा. त्यासाठी ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या नंबरवर. आमच्या भागातल्या निम्म्या घरांत तो नंबर नवऱ्याचा आहे आणि नवरा मुंबईत. आमच्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या माथाडी कामाला जातात. गावातली एक सून, सातवा महिना, आहार न्यायला आली. नवरा वाशीच्या मार्केटमध्ये. ओटीपी त्याच्या फोनवर गेला तेव्हा त्याच्या पाठीवर पोतं होतं. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा पाठवला. या वेळी त्यानं उचलला, पण नंबर सांगेना. म्हणाला, “बाई, बँकेवाले सांगत्यात ओटीपी कुनाला सांगू नका म्हणून. तुमाला कसा सांगू?”

त्याचं काही चुकलं का? आम्हीच तर महिला मेळाव्यात बायकांना बजावतो की ओटीपी कुणालाही देऊ नका, पैसे जातील. सायबर पोलीसही तेच सांगतात. आता त्याच तोंडानं आम्ही ओटीपी मागायचा. त्याला समजावलं की मेसेज नीट वाच, तो बँकेचा नाही, आधारचा आहे, तुझ्या खात्यातून काही जाणार नाही. त्याला ते पटवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दुसरा ओटीपीही गेला. तिसऱ्याला काम झालं. मग चेहरा. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, कॉलेजच्या वयातला. आता चेहरा भरलेला, डोक्यावर पदर. आमच्या खोलीत उजेड कमी. ॲप काही तो चेहरा घेईना. तिला दारात नेलं, पदर मागे घ्यायला लावला. सासू शेजारी उभी, तिला ते आवडलं नाही. सासूला म्हटलं, “आत्या, जरा दोन मिनिटं, फोटो कुठं जाणार नाही.” तेव्हा कुठे हिरवी खूण आली. मागे रांगेत तान्ही मुलं घेऊन बायका उभ्या होत्या.

गरोदर बाईला रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं पूरक आहारातून मिळावीत असा नियम आहे. तो आहार पिशवीत भरून माझ्यासमोर होता. तो तिला मिळायचा होता, पण नवऱ्याच्या मोबाईलवरच्या एका मेसेजमुळे थांबला होता. पाकीट देऊन नोंद झाली नाही, तर वाटपच झालं नाही असं धरलं जातं. या सगळ्यात मला येत नव्हतं असं मोबाईलवरचं कोणतं काम होतं? सगळं येत होतं. पण नवऱ्याशी काय बोलायचं, सासूची समजूत कशी काढायची, आधारला बाईचा स्वतःचा नंबर जोडून घ्यायला तिला कधी आणि कुठे पाठवायचं, ॲप चेहरा घेत नसेल तर पुढची पायरी कोणती, हे कोणत्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. डिजिटल कौशल्य म्हणजे बटण कुठे आहे एवढंच असतं, असं समजणाऱ्यांनी आमचं प्रशिक्षण आखलेलं आहे.

वजन-उंचीचंही तसंच. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून घ्यायची, त्यापुढच्याची उंची उभं करून. आडवं घेतलं आणि उभं घेतलं तर साधारण पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून हा नियम आहे. मूल रडतं, पाय आखडतं. एकीनं डोकं धरायचं, दुसरीनं गुडघे दाबून आकडा वाचायचा. मदतनीस ओरडून सांगते अठ्ठ्याहत्तर, कानावर आधी आठ पडतो, घाईत बोट आठवर जातं आणि फोनमध्ये ७८ च्या जागी ८७ भरले जातात. साडेआठ किलोची, चांगली खेळती पोर ८७ सेंटिमीटरला लावली की ॲप तिला तीव्र कुपोषित ठरवतं. आमच्या बीटमधल्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटातल्या, एका नव्या सेविकेच्या बाबतीत हे झालं. पोर डोळ्यांसमोर उड्या मारत होती म्हणून शंका आली आणि मागच्या महिन्याची लांबी काढून बघितली. एका महिन्यात नऊ सेंटिमीटर कुणाचं मूल वाढत नाही. आकडा लगेच दुरुस्त करून घेतला, नाहीतर त्या आईला विनाकारण घोर लागला असता. उलटं झालं असतं तर ते फार वाईट. खरोखर खंगलेलं मूल चुकीच्या आकड्यानं ॲपमध्ये हिरव्या रंगात, म्हणजे चांगल्या मुलांत गेलं, तर त्याच्याकडे कुणाचं लक्षच जाणार नाही. भरलेला आकडा समोरच्या मुलाशी ताडून बघायची सवय आधी लावायला हवी. ती लावायला फोनही लागत नाही, एक जाणती सेविका शेजारी बसावी लागते.

आणि शेजारी बसूनच आम्ही शिकलोय. आमच्या बीटमध्ये एक तरुण सेविका आहे, बारावी झालेली. मासिक बैठकीनंतर एसटीची वाट बघत आम्ही तिच्याभोवती बसतो. रेंज नसताना भरलेली माहिती नंतर सिंक झाली, म्हणजे वर पोचली, की नाही हे कुठे बघायचं, ॲप अडकलं तर ते काढून परत टाकण्याआधी काय तपासायचं, स्क्रीनशॉट काढून अडचण नेमकी कशी कळवायची, हे सगळं मला तिनं शिकवलं. मी तिला घरभेटीत बाईला बोलतं कसं करायचं ते शिकवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ आपल्या याच जिल्ह्यात रुजवलं. हातात काम असतानाच माणूस शिकतो, हे साताऱ्यात तरी कुणाला नव्यानं सांगायला नको. पण त्या मुलीला या शिकवण्याचा एक रुपया मिळत नाही, तो वेळ कुठे मोजला जात नाही, आणि शेवटची एसटी आली की वर्ग सुटतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. दर महिन्याच्या बीट बैठकीतले दोन तास फक्त यासाठी राखून ठेवा. हातात स्वतःचा फोन, समोर त्या महिन्यात खरोखर अडलेली प्रकरणं. बीटमधल्या जाणत्या सेविकेला शिकवण्याची जबाबदारी द्या आणि त्याचा मोबदला द्या. सरावासाठी खोटी नावं घातलेली नोंद असू द्या, म्हणजे नव्या सेविकेला खऱ्या मुलाच्या वजनावर हात बसवावा लागणार नाही. परिपत्रक रात्री नऊला ग्रुपवर टाकून सकाळी दहाला खुलासा मागू नका. केंद्राचा मानधनाचा वाटा १ ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये ठरलेला आहे, पुढची वाढ राज्यानं दिली ती संपानंतर. या पैशांतून नेट पॅक संपला की आम्ही पदरचं रिचार्ज मारतो. शिकायची तयारी नसलेल्या बायका हे करतील का?

तुमचा पेपर आमच्याकडे दुपारच्या गाडीनं येतो आणि चावडीवर वाचला जातो. काल तो वाचून एका पालकानं मला तोंडावर विचारलं, “बाई, तुमाला जमंना म्हनं मोबाईल?” तीन वर्षं त्याचं मूल माझ्याकडे आहे. तुमच्या एका शीर्षकानं त्याचा विश्वास हलला. हे पत्र त्याच पानावर छापावं, ही विनंती.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
जि. सातारा

ता. क. : बातमीसोबतच्या फोटोत सेविकेच्या हातातला मोबाईल जवळून घेतला आहे. त्यावर तीन स्तनदा मातांची पूर्ण नावं आणि एकीचा मोबाईल नंबर स्पष्ट वाचता येतो. लाभार्थ्यांची माहिती बाहेर जाऊ देऊ नये, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं आहे आणि आम्ही ते पाळतो. तो फोटो तुमच्या ऑनलाइन आवृत्तीतून आजच काढावा आणि ज्या बाईचा नंबर छापला गेला तिला तुमच्या कार्यालयातून कुणीतरी फोन करून तसं सांगावं.