त्या निळ्या तुकड्याची कड बघ

अॅमस्टेलवीन, नेदरलँड्स, १९ मे

प्रिय वशा,

गणपती झाल्यापासून तुला पत्र नाही. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा ‘बाहेर आहे, रात्री करतो’ म्हणालो आणि केला नाही. बाहेर नव्हतो. घरातच होतो, समोर दादाने पाठवलेले कागद पडले होते आणि त्या कागदांबद्दल तुझ्याशी बोलायला मला तोंड नव्हतं. आज बोलतो. काल जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. शैलाला सांगितलं, तर तीच म्हणाली, “हे वसंतभावोजींना लिहा.”

तब्येती ठीक. शैलाची साखर आटोक्यात, माझी बीपीची गोळी चालू. नातू पावलं टाकायला लागलाय.

तर काल पोराने आम्हाला एका दिवसाच्या सहलीला पाठवलं. बसमध्ये तीसेक माणसं आणि एक गाइड बाई. सकाळी रॉटरडॅम, दुपारी डेल्फ्ट, संध्याकाळी परत. रॉटरडॅम म्हणजे काचेच्या उंच इमारती आणि युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर. डेल्फ्ट म्हणजे कालवे, कमानीचे छोटे पूल आणि पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी जुनी घरं. दोन्हींत अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास, आपल्या वेंगुर्ला-शिरोड्याएवढंही नाही. मी निघालो होतो डेल्फ्टसाठी.

डेल्फ्टच का, ते तुला सांगायला नको. सातवीत, नारळी पौर्णिमेच्या आसपास, आपल्या वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या पडक्या भिंतीशी पावसाने उघडा पाडलेला तो निळ्या नक्षीचा खापराचा तुकडा. नाना मास्तरांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, “डेल्फ्टचो असतलो.” तो पहिला दिसला तुला, उचलला मी, आणि आपली दोन आठवडे मारामारी. शेवटी काकींनी निकाल दिला, ज्याच्या घरात कोनाडा रिकामा त्याच्याकडे राहील. आमच्या कोनाड्यांत आबांच्या औषधांच्या बाटल्या होत्या, म्हणून तू जिंकलास. तो निकाल मला आजही मान्य नाही, मेल्या.

डेल्फ्टचं सांगतोच, पण अडकलो रॉटरडॅमला. ब्लाक नावाच्या भागात बस थांबली. तिथे पिवळी घरं आहेत, १९८४ साली पुरी झालेली, पीट ब्लोम नावाच्या वास्तुविशारदाची. प्रत्येक घर म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला ठोकळा, खांबावर तोललेला. एक घर लोकांना बघायला उघडं ठेवलंय. आत भिंती तिरक्या, खिडक्यांतून खालचा रस्ता दिसतो. शैलाने सगळं बघून एकच विचारलं, “कपाट कुठे लावतात?” पलीकडे मार्केटहॉल, २०१४ सालचा. घोड्याच्या नालेसारखी प्रचंड कमान, कमानीत २२८ घरं, पोटात बाजार आणि आतून छतभर रंगवलेली फळंभाज्या. शैला तिथे तासभर रमली असती.

मग गाइड बाईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाल्या, “तुम्ही उभे आहात इथे पाणी होतं.”

१४ मे १९४०. दुपारी दीडच्या सुमाराला जर्मन विमानं आली. बॉम्ब टाकणं पाव तासात संपलं, पण मागोमाग आग लागली आणि गावाचा मधला भाग गेला. आठशेहून जास्त माणसं मेली, ऐंशी हजारांच्या आसपास बेघर झाली. फुटपाथमध्ये अजून खुणा बसवल्यात, आग कुठवर आली त्या हद्दीच्या. चार दिवसांत नव्या शहराचा आराखडा करायचा हुकूम सुटला. महिना संपायच्या आत जळक्या भागातल्या जमिनी नगरपालिकेने ताब्यात घेतल्या. ढिगारा उचलून ब्लाकच्या पाण्यात लोटला. मोठं चर्च, नगरपालिकेची इमारत, टपाल कचेरी असं मोजकंच राखलं आणि जे दुरुस्त झालं असतं त्यातलंही कितीतरी उतरवलं. बहुतेक नवे रस्ते जुन्या रस्त्यांवरून गेलेच नाहीत.

बाई हे सगळं पाठ म्हटल्यासारखं सांगत होत्या. मग थांबल्या आणि म्हणाल्या, “माझी आजी इथलीच. ती म्हणायची, आमचं घर बॉम्बने नाही पडलं, नंतर पाडलं.”

कुणीतरी विचारलं, आजीला राग होता का? बाई म्हणाल्या, “नाही. नव्या घरात न्हाणीघर होतं, ती खूश होती. पण म्हातारपणी तिला रस्ते सापडायचे नाहीत. आपल्याच गावात वाट विचारायची.”

वशा, मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मला तुझं पत्र आठवलं. तू जुनं घर उतरवून स्लॅबचं बांधलंस तेव्हा मी मुंबईहून तुला काय लिहिलं होतं, ते तुला पाठ असणार. चिरे विकलेस, आजोबांना विकलंस, असं लिहिलं होतं मी. तुझं उत्तर दोन ओळींचं होतं: “पावसात पंधरा भांडी मांडून निजतो त्याला विचार. तू मे महिन्यात येतोस, आंबे खातोस आणि घराबद्दल बोलतोस.” मी वास्तुशांतीला आलो नाही. दोन वर्षं बोललो नाही. काकींच्या बाराव्याला आलो तेव्हा तू काहीच न बोलता माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिलास आणि आपण पुन्हा बोलायला लागलो, पण त्या पत्राबद्दल मी कधी चुकलो म्हटलं नाही. आज म्हणतो. चुकलो. नुसतं कडू लिहिलं म्हणून नाही, मला काही कळलंच नव्हतं म्हणून. ते कसं, ते डेल्फ्टमध्ये समजलं.

आधी दादाच्या कागदांचं सांगतो. तुझ्या कानावर आलंच असेल, गावात काय लपतंय? गोव्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून आपल्याकडच्या जमिनींना जे भाव आलेत ते तू रोज बघतोस. आमच्या घराला गिऱ्हाईक आलंय. घर पाडून तीन मजली इमारत, आम्हा सगळ्यांना मिळून चार फ्लॅट, बाकीचे तो विकणार. सातबाऱ्यावर अकरा नावं, दहा सह्या झाल्या. माझी राहिलीय. दादा चिडून नाही बोलत, तेच जास्त लागतं. फोनवर म्हणाला, “तू म्हणशील तसं, पण औंदा माजघराची तुळई टेकू देऊन ठेवलीय, पावसात रात्रभर जागी असते ही.” कौलं परतायला माणूस मिळत नाही. वाळवी देवघरापर्यंत आली. मी दरवर्षी पैसे पाठवतो, पण पैसे छपरावर चढत नाहीत. हे सगळं खरं आहे. आणि पडवीतल्या दुसऱ्या खांबावर आपल्या उंचीच्या खुणा आहेत, तेही खरं आहे. तुझी खूण माझ्या वर आहे, कारण तू टाचा उचलल्या होत्यास. मी आजन्म हेच म्हणणार.

सही करू की नको, यात माझे सहा महिने गेले. केली तर तुझ्यासमोर कुठल्या तोंडाने येऊ, आणि नाही केली तर वहिनीने अजून किती पावसाळे बादल्या लावायच्या? म्हणून तुझा फोन टाळला.

दुपारी डेल्फ्टला पोचलो. डेल्फ्ट या नावाचा अर्थच खणणं. कालवा खणला म्हणून गाव झालं. मुख्य कालव्याच्या काठाने चालताना जुन्या चर्चचा मनोरा दिसतो आणि पहिल्यांदा वाटतं आपल्यालाच चक्कर आली. मनोरा कलंडलेला आहे, दोनेक मीटर. कालवा बुजवून त्यावर पाया घातला होता, जमिनीने तो कधी पेलला नाही. तेव्हापासून सातशे वर्षं तसाच उभा आहे. आतमध्ये फेर्मीर हा चित्रकार पुरलाय आणि कापडाचा व्यापारी असून घरच्या घरी भिंगं घासून पाण्याच्या थेंबातले जीव पहिल्यांदा बघणारा लेवेनहुकही. दोघेही १६३२ साली याच गावात जन्मले.

त्याच कालव्यावर ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी होती. डच कंपनीच्या सहा शाखा, त्यात एक डेल्फ्टची आणि एक रॉटरडॅमची. १६३७ साली त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली, पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करायला जवळचं ठाणं म्हणून. त्या वखारीतून गेलेली पत्रं शिवकाळाच्या अभ्यासकांना आजही लागतात. मी बाईंना म्हटलं, मी वेंगुर्ल्याचा. त्यांना ते नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं, आमच्याकडे तुमच्या लोकांनी बांधलेली वखार आहे, छप्पर गेलंय, भिंतींतून झाडं वाढलीत, आम्ही तिथे लपाछपी खेळायचो. त्यांनी गावाचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. मला उगीच भरून आलं.

तर समजलं काय, ते ऐक. मी म्हटलं, हे गाव किती छान राखलंय, काही मोडलंच नाही. बाई म्हणाल्या, तसं नाही. १५३६ साली मोठी आग लागली आणि बहुतेक गाव जळलं. पुन्हा बांधलं. १६५४ साली, १२ ऑक्टोबरला, दारूगोळ्याचं कोठार उडालं, शंभरावर माणसं गेली, एक अख्खा भाग साफ झाला. फाब्रिटिउस नावाचा बत्तीस वर्षांचा चित्रकार त्यातच गेला. पुन्हा बांधलं. म्हणजे मी जुनं म्हणून बघायला गेलो ते गाव दोनदा नव्याने उभं राहिलेलं. मग ते जुनं का वाटतं? कारण कालवे तेच, पूल तिथेच, वाटा त्याच. भिंती नव्या आल्या, पाणी जागच्या जागी राहिलं. कुणाच्या आजीला वाट विचारावी लागली नाही.

वशा, तू घर उतरवलंस, पण जोतं तेच ठेवलंस. चिऱ्याचं, आजोबांनी घातलेलं. विहीर ठेवलीस, रहाटाचे खांब ठेवलेस. तुळस जिथे होती तिथेच, पाणंद तशीच, आमच्या परसात निघणारी. स्लॅब झाला तरी मी डोळे मिटून तुझ्या न्हाणीपर्यंत जाईन. हे मला एवढ्या वर्षांत दिसलं नाही. मी कौलंच बघत राहिलो.

रात्री दादाने पाठवलेला नकाशा पुन्हा उघडला. विहिरीवर पार्किंग आहे, वशा. पाणंद कुंपणात बुजते. जोतं खणून काढणार आहेत. नकाशात आंबासुद्धा नाही. आता मला एवढं कळतंय की पाडायला मी ना नाही म्हणणार. पण या नकाशावर सही करणार नाही. विहीर राहील, पाणंद राहील असा दुसरा नकाशा काढायला लावता येईल का, त्यात एखादा फ्लॅट कमी झाला तर तो माझा जावा, हे दादाशी तू बोलशील? तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. लहानपणापासून ऐकतो, आणि त्याचाही मला राग आहे. मी जूनच्या आत पोचतो. तोवर तू एकदा जाऊन विहिरीपासून हद्दीपर्यंत पावलं मोजून ठेव. आणि पडवीचा तो खांब कापू देऊ नकोस, इमारत झाली तरी मी तो उभा करीन कुठेतरी.

वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? मनीषचं कर्ज मंजूर झालं का? वेंगुर्ला-७ काजूची कलमं जगली म्हणालास, पाऊस पडेपर्यंत पाणी चुकवू नका. धाकटीचा निकाल लागला की कळव.

आणि आता तुकडा. डेल्फ्टमध्ये एका कारखान्यात फरशा रंगवताना दाखवतात. आपल्याकडे रांगोळीला भोकं पाडलेला कागद असायचा ना, तस्साच कागद. फरशीवर ठेवून वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी टपटपवतात, नक्षीचे ठिपके उमटतात. मग एक मुलगी बारीक कुंचल्याने ते जोडत गेली. रंग काळा. निळा नाहीच. भट्टीतून निघाला की निळा होतो. विती-अर्ध्या वितीची फरशी, तिच्यावर एक पोरगा भोवरा फिरवतोय.

तिला मी आपल्या तुकड्याचं विचारलं. ती म्हणाली, नक्षीवरून सांगता येत नाही. चिनी भांड्यांचा माल यायचा कमी झाला तेव्हा आमच्याच लोकांनी त्याची नक्कल करायला सुरुवात केली, दोन्ही निळं-पांढरंच. फुटलेली कड बघा. वर पांढरं आणि आत पिवळट, खडूसारखी माती असेल तर ते इकडच्या पद्धतीचं. कड आरपार पांढरी, काचेसारखी असेल तर चिनी. म्हणजे नाना मास्तर बरोबर होते की नाही, हे पन्नास वर्षं आपल्या हातात होतं आणि आपण नुसती नक्षीच बघत बसलो.

तुझं घर उतरवताना कोनाडा गेला. तुकडा कुठे गेला, ते विचारायला मला तेव्हा तोंड नव्हतं. असेल तर उन्हात धर, कड बघ आणि लगेच कळव. फोन कर, रात्री कितीही वाजता कर. मी उचलतो.

तुझा,
अरुण