कुळाकडे खरेदीखत कशाला मागता?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जुन्या कुळाचा नातू आणि जुन्या मालकाचा नातू एकाच शेतासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत आहेत, असे एखादे तरी प्रकरण आमच्या भागात बहुतेक गावांत सापडते. मालकाच्या बाजूचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जमीन विकत घेतली म्हणता, तर खरेदीखत दाखवा. कुळाकडे ते नसते, आणि मग गावही त्यालाच खोटे ठरवते.

वास्तविक विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळवहिवाट कायद्याने पात्र कुळांकडे मालकी 1 एप्रिल 1961 रोजी, आणि त्यातून राहिलेल्या बऱ्याच जमिनींची 1 एप्रिल 1963 रोजी, कायद्याच्या बळावरच गेली. त्यासाठी मालकाची सही लागत नव्हती. पाहायचे ते एवढेच, की त्या दिवशी शेत कोण आणि कोणत्या नात्याने वाहत होते, मालक विधवा किंवा अज्ञान (वयाने लहान) होता काय, आणि ठरलेली किंमत भरली गेली काय. अलीकडे वर्षाच्या ठोक्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर, शेत करणारा मात्र साध्या कागदावरच्या इसारचिठ्ठीने मालक होत नाही. त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागते. या दोन गोष्टींची गल्लत वकिलांच्या तोंडूनही ऐकली, म्हणून लिहावेसे वाटले.

आमच्या घरात हा वाद तिसऱ्या पिढीत आला आहे. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत मक्त्याच्या (खंडाच्या) पावत्या निघाल्या, किमतीच्या दोन हप्त्यांची वाळवी लागलेली चलने निघाली. कुळाला जमिनीच्या खरेदीबद्दल मिळणारे प्रमाणपत्र मात्र निघाले नाही. सातबाऱ्यावर आजोबा आजही कूळ म्हणूनच आहेत, त्यामुळे शेत आम्ही वाहतो आणि पीककर्ज आम्हाला मिळत नाही. मालकाच्या वारसांनी ताब्यासाठी दिवाणी दावा लावला. पण कुळाने जमीन खरेदी केली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नसल्याने तो मुद्दा त्याच कायद्याच्या कलम 125 खाली महसुली अधिकाऱ्याकडे पाठवून दावा थांबवावा लागला. पुढे अपील, महसूल न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ हा रस्ता उभाच आहे.

शासनाला विनंती आहे, की सातबाऱ्यावर कुळाचे नाव असून प्रमाणपत्र न दिलेल्या नोंदींची गावनिहाय यादी तहसीलदारांनी काढावी, 1954-55 चा अधिकार अभिलेख (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि त्या काळची पेरेपत्रके (पेरणीच्या नोंदी) पटवाऱ्याकरवी गावात वाचून दाखवावीत, आणि वारसांच्या अर्जाची वाट न पाहता स्वतःहून चौकशी लावावी. हे काम आणखी लांबवता येणार नाही. 1963 साली जे विशीत होते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि कागद वाळवीने खाल्ले तिथे त्यांच्या तोंडच्या साक्षीवाचून आधार उरत नाही. आमच्या शेतात आजोबांच्या बरोबरीने वखर हाणलेल्या शेजाऱ्यांची साक्ष पोळ्यानंतरच्या तारखेला लागली होती. ते पोळ्याच्या चार दिवस आधी वारले.

एक शेतकरी वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ